अनुभवी द्या, कोवळे घ्या: बेसबॉलमधल्या अशा सौद्यांची पार्श्वभूमी

जुलै संपत आला की अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तळाच्या संघांपुढे तोच प्रश्न येतो. तिशी ओलांडलेले नावाजलेले खेळाडू ठेवायचे, की जेतेपदाच्या शर्यतीतल्या संघाला देऊन त्याच्याकडून मायनर लीगमधले, म्हणजे खालच्या स्तरावर तयार होणारे, होतकरू घ्यायचे? इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात आणि खेळाडूला बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

चांगला संघ हाताने मोडणं जुनंच आहे. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सच्या कॉनी मॅक यांनी 1914 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे जेतेपदाची अंतिम लढत, हरल्यावर बिनीचे खेळाडू सोडले. पुढच्याच हंगामात संघ 109 सामने हरला. पण तेव्हा राखीव कलमामुळे खेळाडू क्लबशी बांधलेला असे. करार संपून तो हातचा जाईल, ही धास्ती मालकाला नव्हती.

ती आली डिसेंबर 1975 मध्ये. लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या गोलंदाजांच्या बाजूने निकाल देऊन क्लबची ही पकड सैल केली, आणि 1976 च्या करारात ठरलं की मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. आजचा सगळा हिशेब या सहा वर्षांचा आहे. विकली जाते ती गुणवत्ता कमी, मोकळं होण्याआधीची स्वस्तातली वर्षं जास्त. त्याच 1976 मध्ये ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली यांनी तीन खेळाडू 35 लाख डॉलरना विकायला काढले, पण लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी क्यून यांनी व्यवहार रद्द केला. मोठी रोख विक्री अशी अडल्यावर मोबदला म्हणून उरले मुख्यतः खेळाडूच.

सर्वांच्या तोंडी असतो तो ऑगस्ट 1987 चा सौदा. डेट्रॉइटने अटलांटाकडून 36 वर्षांचा गोलंदाज डॉयल अलेक्झांडर घेतला आणि मायनर लीगमधला 20 वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. बेसबॉलमध्ये हार-जीत गोलंदाजाच्या नावावर लागते; अलेक्झांडर उरलेल्या हंगामात 9 सामने जिंकला, एकही हरला नाही. डेट्रॉइट आपल्या विभागात, म्हणजे लीगमधल्या आपल्या गटात, पहिला आला. हंगामानंतरच्या प्लेऑफमध्ये मात्र अलेक्झांडर दोन्ही वेळा हरला. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत, गेला. लोक हा सौदा डेट्रॉइटची घोडचूक म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. त्यांना हवं होतं ते बरंचसं मिळालं, फक्त किंमत नंतर कळली.

ह्यूस्टनने 2011 ते 2013 अशी सलग तीन वर्षं शंभरावर सामने हरून 2017 मध्ये जेतेपद मिळवलं. शिकागो कब्जने 2013 मध्ये स्कॉट फेल्डमन आणि एक यष्टिरक्षक देऊन जेक अ‍ॅरिएटा आणि पेड्रो स्ट्रोप मिळवले, आणि 2016 मध्ये जेतेपदाचा 108 वर्षांचा दुष्काळ संपवला. मग ती रीतच पडली.

तिची दुसरी बाजू त्याच शहरात दिसली. शिकागो व्हाइट सॉक्सने डिसेंबर 2016 मध्ये ख्रिस सेल आणि अ‍ॅडम ईटन, तर जुलै 2017 मध्ये होसे किंताना विकला. मिळालेली मुलं तेव्हा देशातल्या अव्वल होतकरूंत गणली जात. 2021 मध्ये विभागही जिंकला, पण वर्ल्ड सिरीज काही दिसली नाही. 2024 मध्ये तर हा संघ 121 सामने हरला, आधुनिक काळातला विक्रम. एव्हाना 2022 च्या करारात ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक पद्धतीच्या, पहिल्या सहा निवडींसाठी सोडत आली होती आणि मोठ्या कमाईच्या संघांना सलग दोन वर्षं तिचा लाभ मिळत नव्हता. व्हाइट सॉक्स त्यातलेच, त्यामुळे 121 पराभवांनंतरही 2025 मध्ये त्यांच्या वाट्याला आली दहावी निवड.