यूएसबी पोर्टचा वेग कसा तपासावा

इंदूरच्या रामबागेतील एखाद्या मराठी घरात लग्नकार्यांच्या चित्रफिती, गणेशोत्सवातील कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे आणि आजोबांच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती मिळून ६४ जीबी साठा आज सहज होतो. तो बाहेरच्या एसएसडीवर (चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या वेगवान डिस्कवर) उतरवायला अर्धा तास लागेल की तीन मिनिटे, हे पुष्कळसे ती कोणत्या यूएसबी पोर्टला जोडली आहे यावर ठरते. म्हणूनच जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये खरेदीला जाण्याआधी आपल्या संगणकाचे पोर्ट तपासून घेणे हिताचे आहे.

२००० साली आलेल्या यूएसबी २.० ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. आठ बिटांचा एक बाइट होतो आणि काही क्षमता दोन्ही बाजूंच्या आपसांतील नियंत्रण-संदेशांत खर्च होते, त्यामुळे प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३५ ते ४० मेगाबाइटच हाती लागतात. २००८ मधील यूएसबी ३.० ने ही मर्यादा ५ गिगाबिटवर नेली. पुढे १०, २० आणि २०१९ च्या यूएसबी ४ मध्ये ४० गिगाबिटपर्यंत मजल गेली. मात्र नावांचा घोळ ग्राहकाला खरोखर त्रासदायक आहे, कारण ५ गिगाबिटच्या त्याच पोर्टला आधी ३.०, मग ३.१ जेन १ आणि त्यानंतर ३.२ जेन १ असे संबोधले गेले. खोक्यावर नुसते ‘३.२’ छापलेले असेल, तर गिगाबिटचा आकडा विचारून घ्यावा.

पोर्टच्या आतील निळी पट्टी ही ३.० ची ओळख मानली जाते, परंतु तो रंग निर्मात्यांवर बंधनकारक नाही. टाइप-सी हा तर केवळ आकार आहे. आयफोन १५ चे टाइप-सी पोर्टदेखील ४८० मेगाबिटचेच आहे. त्या मानाने नेहमीच्या चौकोनी पोर्टच्या आत डोकावणे अधिक उपयोगी ठरते, कारण यूएसबी २.० मध्ये चार संपर्कपट्ट्या असतात, तर ३.० मध्ये वेगवान वहनासाठी आणखी पाच वाढवलेल्या असतात.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी कंट्रोलरांची यादी उघडावी. तेथे ‘एक्स्टेन्सिबल’ हा शब्द दिसला, तर किमान ५ गिगाबिटची सोय आहे. केवळ ‘एन्हान्स्ड’ दिसला, तर २.० वरच समाधान मानावे लागेल. पण ही यादी मदरबोर्डची, म्हणजे संगणकातील मुख्य सर्किट-फलकाची, क्षमता सांगते, नेमक्या कोणत्या पोर्टला ती मिळाली आहे हे सांगत नाही. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतून वेगळ्या वायरने जोडलेले असतात आणि ती वायर २.० च्या जोडणीवर बसवलेली असेल, तर मागचे पोर्ट वेगवान असूनही पुढचे मंद राहतात. यासाठी खरी परीक्षा वेगवान उपकरण जोडूनच होते. लिनक्समध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा ‘टी’ या पर्यायासह (lsusb -t) दिली, की प्रत्येक उपकरणासमोर ४८०एम किंवा ५०००एम असा ठरलेला वेग दिसतो, आणि मॅकच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्येही यूएसबीखाली तशीच नोंद मिळते. विंडोजवर एकच मोठी फाइल एसएसडीवर उतरवून पाहावी. वेग सेकंदाला चाळीस मेगाबाइटच्या आसपास अडकला, तर जोडणी २.० ची असण्याची दाट शक्यता असते.

अशा वेळी लगेच पोर्टला दोष देऊ नये. पोर्ट, केबल आणि उपकरण या तिघांत जो सर्वांत मंद असेल त्याच्याच गतीने काम चालते, आणि मोबाइलबरोबर मिळणाऱ्या कित्येक चार्जिंग केबलींमध्ये वेगवान वहनाच्या तारा नसतातच. केबल बदलून, मागच्या पोर्टवर पुन्हा मोजूनच निष्कर्ष काढावा.

मंद पोर्टही वाया जात नाहीत. कीबोर्ड आणि प्रिंटरला ४८० मेगाबिट पुरेसे असतात. शिवाय ३.० च्या वहनातून उठणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पोहोचत असल्याने, बिनतारी माउसचा रिसीव्हर वेगवान पोर्टपासून दूरच्या २.० पोर्टला लावणेच योग्य.