गोळी पटाबाहेर जात नाही

सुट्टीत भाच्याने युद्धाचा पट मांडला होता. षटकोनी घरं, पुठ्ठ्याची विवरं, बोटाएवढे सैनिक, फासे. रणभूमी सेरेस हा बटुग्रह. नियम त्याचेच: "मामा, तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून बंदुकीचा पल्ला दुप्पट. पटाबाहेर गेलेली गोळी बाद."

हा दुसरा नियम मला मान्य होईना.

हवेशिवाय बंदूक उडेल का, असं अनेकजण विचारतात. उडेल. दारूला लागणारा ऑक्सिजन दारूतच असतो. आपल्या फटाक्यांत शोरा हेच काम करतो. फक्त आवाज ऐकू येणार नाही.

आता गोळीकडे. सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम पस्तिसाव्या हिश्श्याइतकं. तिथे सेकंदाला ३६० मीटर वेगाने आडवी सुटलेली वस्तू पडत राहते, पण गोलाईमुळे जमीनही तितकीच खाली वळत जाते. वस्तू उपग्रह होते. मुक्तिवेग, म्हणजे गुरुत्वाकर्षणातून कायमचं सुटायला लागणारा वेग, सुमारे ५१० मीटर; त्यामुळे सातशे मीटर वेगाची रायफलची गोळी कायमचीच गेली. पण साध्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीचा वेग ३६०च्या आसपासच असतो!

खरी गंमत पुढे आहे. सेरेस ९ तास ४ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला सुमारे ९३ मीटर वेगाने पूर्वेकडे धावत असते. पश्चिमेला झाडलेल्या गोळीतून हा वेग वजा होतो, उरतात २६७ मीटर, आणि गोळी दोनेक किलोमीटरांत जमिनीला टेकते. पूर्वेला झाडली तर बेरीज ४५३. मग ती लांबट लंबवर्तुळात हजार किलोमीटरांहून उंच चढते आणि परत यायला जवळजवळ नऊ तास घेते. सेरेसचा दिवसही तेवढाच! झाडणारा एक गिरकी घेऊन पुन्हा तिथेच आलेला असतो. वेग थोडासा जुळवला, तर गोळी पश्चिमेकडून त्याच्याच पाठीत, आणि हवाच नसल्याने निघाली त्याच वेगाने. (सेरेस ध्रुवांकडे चपटा असल्याने नेमका आकडा किंचित सरकतो.) म्हणून पटाशेजारी तासांचं चक्र हवं, आणि प्रत्येक गोळीची सोंगटी त्यावर सरकवत न्यायला हवी.

   

बेनूसारख्या अर्ध्या किलोमीटरच्या लघुग्रहावर तर बंदुकीचा धक्काच घातक. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७०० मीटर वेगाने सुटली, तर पोशाखासह १५० किलोचा सैनिक जवळपास ४ सेंटिमीटर वेगाने मागे ढकलला जातो. बेनूचा मुक्तिवेग आहे सुमारे २० सेंटिमीटर. सहा गोळ्या झाडल्या की सैनिक लघुग्रह सोडून निघाला.

लघुग्रहावर खरोखरच मारा झालेला आहे. ५ एप्रिल २०१९ला जपानच्या हायाबुसा-२ यानाने रियुगूवर दोन किलोचा तांब्याचा गोळा सेकंदाला २ किलोमीटर वेगाने आदळवला. दहा मीटरांहून मोठं विवर पडलं. उडालेल्या दगडांना अडवायला हवा नव्हती, म्हणून यान आधीच लघुग्रहाच्या पलीकडे जाऊन लपलं होतं आणि मागे सोडलेल्या छोट्या कॅमेऱ्याने मारा टिपला.

मोठा मारा करणाऱ्याने पुढची फेरी लघुग्रहाआड काढायची, हा नियम आता भाच्याच्या वहीत आहे.