पाइनच्या लाकडाला उष्णता आणि दाब

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातील कारखान्यांबाहेर रचलेल्या पाइनच्या पॅलेटांवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींवर, 'एचटी' (हीट ट्रीटमेंट) ही अक्षरे भाजून उमटवलेली असतात. त्यांचा अर्थ एवढाच की, निर्यातीच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकडाचा गाभा सलग 30 मिनिटे किमान 56 अंश सेल्सिअसला तापवून त्यातील कीड मारलेली आहे. लाकूड त्यामुळे टिकाऊ होत नाही. पावसात पडून राहिले तर ते इतर पाइनसारखेच कुजते. लाकडाचा स्वभावच बदलायचा असेल, तर तापमान 160 ते 230 अंशांपर्यंत न्यावे लागते, आणि तेही वाफेच्या किंवा निर्वाताच्या साहाय्याने प्राणवायू दूर ठेवून, नाहीतर लाकूड पेटेल.

या तापमानाला नेमके काय घडते? लाकडाच्या पेशीभित्तिका सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन घटकांच्या बनलेल्या असतात. त्यांपैकी हेमिसेल्युलोज हे पाण्याला सर्वाधिक धरून ठेवणारे आणि उष्णतेला सर्वांत आधी शरण जाणारे. ते विघटित होताना अॅसिटिक आम्ल बाहेर पडते, आणि ते आम्ल पुढच्या विघटनाला आणखी गती देते. पाणी धरणाऱ्या जागाच कमी झाल्यामुळे लाकूड हवेतील ओलावा पूर्वीच्या जवळपास निम्माच शोषते. एप्रिलची कोरडी झळ आणि जुलैची दमट हवा या नाशिकच्या दोन टोकांमध्ये दारे फुगतात आणि आक्रसतात, ते या ओलाव्यामुळेच. प्रक्रिया केलेल्या लाकडात ही हालचाल बरीच कमी होते. कुजवणाऱ्या बुरशीलाही त्यात पुरेसा ओलावा आणि अन्न मिळत नाही. फिनलंडमध्ये 'थर्मोवुड' या नावाने विकल्या जाणाऱ्या पाइन व स्प्रूस (पाइनसारखेच एक सूचिपर्णी झाड) यांसाठी 190 आणि 212 अंश असे दोन वेगवेगळे दर्जे ठरलेले आहेत.

मात्र हेमिसेल्युलोज हे सेल्युलोजच्या तंतूंना लिग्निनशी सांधणारे असल्याने ते गेले की लाकूड ठिसूळ होते. तीव्र प्रक्रियेत वाकण्याची ताकद 10 ते 30 टक्क्यांनी घटू शकते, म्हणून तुळईसाठी असे लाकूड वापरू नये.

ताकदीसाठी दुसरा उपाय आहे तो दाबण्याचा. पेशीभित्तिकेच्या पदार्थाची घनता घनमीटरला सुमारे 1500 किलो असते, पाइनच्या फळीची मात्र जेमतेम 400 ते 500. म्हणजे फळीचा दोनतृतीयांश भाग पोकळच. ओलसर लाकूड 100 अंशांच्या आसपास तापले की लिग्निन मऊ पडते, आणि मग प्रेसखाली पेशी न फुटता चपट्या होतात. घनता वाढते, तसा कठीणपणा आणि ताकदही वाढते. अडचण एकच, पण मोठी: अशी फळी पुन्हा भिजली की दबलेल्या पेशी उलगडतात आणि ती फुगून मूळ जाडीकडे परतते. यावरचा उपायही पुन्हा उष्णताच. दाबलेल्या स्थितीतच सुमारे 180 ते 200 अंशांची वाफ काही मिनिटे दिली, तर आतला ताण निवळतो आणि आकार बऱ्याच अंशी कायम राहतो. उष्णतेने गमावलेली ताकद घनतेने भरून काढायची आणि दाबाने दिलेला आकार उष्णतेने टिकवायचा, ही जोडगोळी म्हणूनच मला एकेकट्या प्रक्रियेपेक्षा अधिक पटते.

2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सल्फाइटच्या द्रावणात लाकूड उकळून त्यातील काही लिग्निन काढले, मग 100 अंशांना दाबून त्याची जाडी एकपंचमांशावर आणली. ताणसामर्थ्य, म्हणजे ओढले असता न तुटण्याची ताकद, 10 पटींहून अधिक वाढले. प्रयोग नेत्रदीपक आहे, पण एका फळीसाठी पाच फळ्यांइतके लाकूड लागते, हा हिशेब विसरता येत नाही. घरातील लाकडी फरशीच्या फळ्यांसाठी केवळ वरचे काही मिलिमीटर दाबण्याची पद्धत त्या मानाने व्यवहार्य वाटते.

नाशिकपुरते सांगायचे, तर वाळवी हा खरा प्रश्न आहे. तापवलेले लाकूड बुरशीला दाद देत नसले, तरी वाळवीपासून त्याला भरवशाचे संरक्षण मिळत नाही, आणि मातीशी सतत संपर्क राहील अशा ठिकाणी ते वापरू नये असेच उत्पादकही सांगतात. द्राक्षबागेतील मंडपाच्या खांबांना ते चालणार नाही. भिंतीवरचे बाहेरचे आच्छादन, खिडक्यांच्या चौकटी किंवा गच्चीवरची बाके यांना चालेल, फक्त उन्हात त्याचा तपकिरी रंग करडा पडू नये म्हणून वरून रंगद्रव्ययुक्त तेल द्यावे लागेल.