कोटिक्यूल दगडावर वस्तरा पाजवणे

कोटिक्यूल हा बेल्जियमच्या आर्देन भागात, साल्म नदीच्या खोऱ्यातील व्हिएलसाल्मच्या आसपास सापडणारा फिकट पिवळा दगड आहे. वस्तऱ्याची मूळ धार बसवण्यापासून शेवटचा हात फिरवण्यापर्यंतची सगळी कामे या एकाच दगडावर होतात. बदलत जाते ते फक्त त्यावरचे पाणी.

जांभळट-निळ्या पाटीच्या दगडात हा पिवळा थर काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर जाडीचा असतो. तो ठिसूळ असल्याने त्याच्या पाठीला पाटीच्या दगडाचा आधार ठेवतात, कधी मुळातच जुळून आलेला, कधी चिकटवलेला. पोलाद घासले जाते ते दगडातल्या स्पेसार्टाइन या मँगनीजयुक्त गार्नेटच्या सूक्ष्म कणांमुळे. हे कण काहीसे गोलसर, अनेक पैलूंचे असतात. त्यामुळे चरे उथळ उमटतात आणि धार चेहऱ्याला मऊ लागते. या दगडावर तेल वापरत नाहीत, पाणीच वापरतात.

दगड आधी सपाट करून घ्यावा. त्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारून काचेवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर रेघा पुसेपर्यंत तो घासावा. वस्तऱ्याला दिसण्याजोगे दाते पडले असतील, तर ते 1000 क्रमांकाच्या कृत्रिम दगडावर काढून टाकावेत. कोटिक्यूलवर ते काढत बसण्यात दगडही झिजतो आणि वेळही जातो.

दगडावर थोडे पाणी टाकून कोटिक्यूलचाच छोटा तुकडा, सहाणेवर गंध उगाळावे तसा, अर्धा मिनिट फिरवला की दुधासारखा गाळ तयार होतो. वस्तरा दगडावर आडवा टाकावा. पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्याच राहिल्या पाहिजेत, कारण धारेचा कोन पाठीच्या जाडीवरच ठरतो. पाते सुमारे 16 मिमी रुंद आणि पाठ 4.8 मिमी जाड असेल, तर हा कोन 17 अंशांच्या आसपास येतो. एका बाजूने 30 वेळा पुढे-मागे घासून मग दुसरी बाजू तितकीच घासावी. या टप्प्यावर बोटाचा माफक दाब चालतो. गाळ करडा झाला की पोलाद निघते आहे असे समजावे. टाचेपासून टोकापर्यंत प्रत्येक भाग हातावरचे केस कातडीलगत कापू लागला की मूळ धार बसली. ती बसण्याआधी पुढे जाऊ नये, पुढे कितीही घासले तरी ही उणीव भरून निघत नाही.

खरे कसब इथून पुढे लागते. दाट गाळातले सुटे कण धारेच्या कडेवरच आदळतात आणि ती बोथट करत राहतात, म्हणून दाट गाळात धार एका मर्यादेपलीकडे जात नाही. दाब काढून घ्यावा, एक-दोन थेंब पाणी घालावे, दोन्ही बाजू पुन्हा तितक्याच घासाव्यात. असे दहाएक वेळा करत गाळ जवळजवळ निव्वळ पाण्यावर आणावा. पाणी घाईने वाढवले तर धार मध्येच अडकते. मग पुन्हा थोडा गाळ काढून मागच्या टप्प्यावर जाणे हाच उपाय. मध्ये दगड वाळू दिला तर गाळ दाटतो आणि केलेले काम मोडते.

शेवटी दगड आणि वस्तरा धुऊन स्वच्छ पाण्यावर 50 हात, केवळ पात्याच्या वजनाने. धार पुढे ठेवून टाचेकडून टोकाकडे तिरके ओढावे, म्हणजे किंचित वाकडे पातेही सर्वत्र दगडाला लागते. टोक कापत नसेल, तर ते दगडाला लागतच नव्हते, असा त्याचा सरळ अर्थ.

त्यानंतर कापडी पट्ट्यावर आणि चामड्यावर प्रत्येकी 50-60 हात. इथे पाठ पुढे आणि धार मागे असते, आणि वस्तरा उलटायचा तो नेहमी पाठीवरून. धारेवरून उलटला तर चामडे कापले जाते आणि दगडावर कमावलेली कडही दुमडते. पट्टा सैल धरला तरी धार गोलावते.