पोटातले कावळे, बिलाडां आणि फुलपाखरं

वडोदऱ्यात दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या मुलाच्या कानावर भूक तीन भाषांतून येते. आजीच्या पोटात कावळे ओरडतात, शेजारच्या गुजराती काकींच्या ‘पेटमां बिलाडां बोले छे’ आणि टीव्हीवरच्या हिंदी मालिकेत पोटात उंदीर उड्या मारतात. यातलं काहीच त्याला कुणी बसवून शिकवलेलं नसतं. कावळा असो, बोका असो की उंदीर, पानं घ्यायची वेळ झाली एवढं त्याला बरोबर कळतं. मग शाळेत ‘बटरफ्लाइज इन माय स्टमक’ भेटतं. पोट आहे, पोटात जीव वळवळतोय, म्हणजे भूकच! पण इंग्रजीतली ही फुलपाखरं भुकेची नाहीत, धास्तीची आहेत. तोंडी परीक्षेला नाव पुकारण्याआधी आपल्या पोटात गोळा येतो, तेव्हा इंग्रजी माणसाच्या पोटात फुलपाखरं उडतात.

मुलाची ही चूक मठ्ठपणाची नाही, उलट त्याचं डोकं नीट चालल्याची खूण आहे. नवी भाषा शिकताना मेंदू आधीच्या भाषा बाजूला ठेवत नाही. 1986 साली सुझान इरुजो यांनी उत्तम इंग्रजी येणाऱ्या, स्पॅनिश मातृभाषेच्या व्हेनेझुएलन विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. दोन्ही भाषांत हुबेहूब सारखे असलेले वाक्प्रचार त्यांना सर्वांत सोपे गेले, अगदी वेगळे असलेले सर्वांत अवघड. खरी गंमत मधल्या गटात होती. जे वाक्प्रचार थोडेफारच जुळत होते ते त्यांना कळत होते, पण स्वतः वापरायला गेले की स्पॅनिश शब्द मध्ये घुसत होते. पूर्ण परक्या वाक्प्रचारांत मातृभाषेची अशी लुडबुड त्या मानानं कमी होती.

आपल्याकडे ही तिन्ही प्रकारची उदाहरणं सहज सापडतात. ‘क्रोकोडाइल टिअर्स’ म्हणजे सरळ मगरीचे अश्रू, गुजरातीतही मगरच रडते. ‘अंडर द वेदर’ म्हणजे तब्येत नरम असणं, हे मात्र कुठल्याच बाजूनं ओळखू येत नाही, पाठच करावं लागतं. आणि सर्वांत फसवा ‘पुलिंग युअर लेग’. मराठीत पाय ओढणं म्हणजे दुसऱ्याला वर चढू न देणं, गुजरातीतली ‘टांटियाखेंच’ही तीच. इंग्रजीत मात्र ती निव्वळ थट्टा. साहेब हसत हसत ‘आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग’ म्हणाले आणि समोरच्याला तो कबुलीजबाब वाटला, तर गैरसमज भलताच वाढेल. माझ्या मते शाळेत वेळ द्यायला हवा तो अशा जोड्यांवर. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ अशी यादी पाठ करून घेतली तर हा धोका दिसतच नाही.

वाक्प्रचार डोक्यात नेमका राहतो कसा, हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. पूर्वी अनेकांची समजूत होती की आपण आधी शब्दशः अर्थ लावतो, तो बसला नाही की दुसरा शोधतो. 1979 साली डेव्हिड स्विनी आणि अॅन कटलर यांनी इंग्रजी भाषकांपुढे शब्दसमूह ठेवले आणि ते अर्थपूर्ण आहेत का, हे बटण दाबून सांगायला लावलं. ‘ब्रेक द आइस’सारखे वाक्प्रचार लोकांनी ‘ब्रेक द कप’सारख्या साध्या शब्दसमूहांपेक्षा लवकर ओळखले. आधी बर्फ फोडायचा आणि मग संकोच मोडायचा, असा वळसा ते घेत असते तर उशीर लागायला हवा होता. पुढे 1988 मध्ये क्रिस्टिना काच्यारी आणि पॅट्रिझिया तबोस्सी यांनी इटालियन वाक्प्रचारांवर काम करून दाखवलं की पुरेसे शब्द कानावर पडेपर्यंत शब्दशः अर्थ जागा असतो. वाक्प्रचार ओळखू आला की रूढ अर्थ उभा राहतो. आपलंही तसंच आहे. ‘पाचावर धा…’ एवढं ऐकलं तरी समोरचा घाबरलाय हे कळतं. यातली ‘धारण’ म्हणजे काय हे दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही.

परक्या भाषेत ही चपळाई सहजी येत नाही. अॅना सियानोव्हा-चांतुरिया आणि सहकाऱ्यांनी 2011 साली वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. ‘अॅट द एंड ऑफ द डे’ (शेवटी, सगळा विचार करता) यासारखा वाक्प्रचार जन्मजात इंग्रजी भाषकांनी साध्या वाक्यखंडापेक्षा झटकन वाचला, इंग्रजी नंतर शिकलेल्यांना तसा फायदा मिळाला नाही, आणि लाक्षणिक अर्थ असेल तिथे त्यांचे डोळे शब्दशः अर्थापेक्षा जास्त वेळ रेंगाळले. याउलट गॅरेथ कॅरल आणि कॅथी कॉन्क्लिन यांना दिसलं की ‘सापाचं चित्र काढून त्याला पाय जोडणं’ यासारखा चिनी वाक्प्रचार इंग्रजीत शब्दशः मांडला, तर चिनी भाषक त्यातला शेवटचा शब्द पटकन ओळखतात. घरचा वाक्प्रचार परक्या कपड्यांतही ओळखू येतो तो असा.

मग लक्षात ठेवायचं कसं? बेल्जियममध्ये फ्रँक बूर्स यांनी विद्यार्थ्यांना वाक्प्रचाराचं मूळ सांगून पाहिलं, आणि तसे वाक्प्रचार जास्त टिकले. मूळ कळलं की डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं, आणि शब्दाबरोबर चित्रही साठवलं जातं. मोतीबागच्या मैदानावर सामने बघत वाढलेल्या वडोदऱ्याच्या मुलाला ‘स्टिकी विकेट’ म्हणजे अवघड परिस्थिती, हे समजवायला दोन वाक्यं पुरतात: पूर्वी खेळपट्टी झाकत नसत, पाऊस पडून वर ऊन आलं की चेंडू कसाही उसळे आणि फलंदाजाची पंचाईत होई. ‘जंप द गन’ला, म्हणजे वेळेआधीच घाई करण्याला, शर्यत सुरू करणारं पिस्तूल दाखवावं. मात्र कुठल्याही वाक्प्रचाराची रंगतदार कथा खरी मानू नये. कितीतरी कथा मागाहून रचलेल्या असतात.

वापरण्याची गोष्ट आणखी नाजूक. ‘स्पिल द बीन्स’चे तुकडे पडतात: सांडणं म्हणजे उघड करणं, बीन्स म्हणजे गुपित. त्यामुळे आपल्या ‘भांडं फोडणं’सारखा तो फिरवता येतो. ‘कोणी फोडलं भांडं?’ हे जसं चालतं तसं ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ही चालतं. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं. त्यात बादली म्हणजे काय, हे सांगता येत नाही. ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की मरण जातं आणि उरते फक्त लाथ मारलेली बादली. शिवाय तो शब्दप्रयोग सलगीतला, काहीसा उद्धट. कुणाच्या वडिलांविषयी ‘गचकले’ म्हणणं आपल्याला जसं सुचणारही नाही, तसा शोकसंदेशात ‘किक्ड द बकेट’ येता कामा नये. तिथे ‘पास्ड अवे’ लिहावं. ऑफिसच्या मेलमध्ये तेवढंच शोभतं.