भिंत हीच स्पीकरची पेटी

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लहरी एकमेकींच्या नेमक्या उलट असल्यामुळे त्या एकत्र आल्या, की खर्जाचे स्वर जागच्या जागी विरून जातात. सुटा स्पीकर हातात धरून वाजवला तर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो, तो यामुळेच. मागची लहर कोंडून ठेवणे हे पेटीचे मुख्य काम. भिंतीत किंवा छतात बसवायचे बहुतेक स्पीकर मात्र पेटीविना मिळतात, कारण तिथे भिंत किंवा छत हीच पेटी होते. म्हणून स्पीकरची निवड करण्याआधी त्याच्यामागची पोकळी पाहावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

अमेरिकेतील घरांत लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड लावून भिंत उभारतात आणि मध्ये साधारण ९ सेंटिमीटर पोकळी राहते. भिंतीतले स्पीकर तिच्याच मापाने घडलेले आहेत. आपल्या विटांच्या भरीव भिंतीत अशी पोकळी नसते, आणि बीम, कॉलम किंवा स्लॅब यांना तर हातच लावू नये. त्यामुळे आपल्या फ्लॅटमध्ये दोनच जागा उरतात : टीव्हीमागे उभारलेले प्लायचे पॅनेल आणि फॉल्स सीलिंग.

पॅनेलची जागा मिळत असेल तर ती आधी घ्यावी. भिंतीपासून ८५ सेंटिमीटर पुढे ठेवलेल्या पेटीतून १०० हर्ट्झचा स्वर मागे जाऊन परततो तेव्हा तो १.७ मीटर, म्हणजे बरोबर अर्धी तरंगलांबी, जास्त चाललेला असतो; साहजिकच तो थेट येणाऱ्या स्वराला मारतो. भिंतीशी समतल बसवलेल्या स्पीकरला हा दोष लागत नाही. ध्वनिमुद्रणाच्या अनेक स्टुडिओंत मोठे स्पीकर भिंतीत बसवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

छताचा प्रश्न कानाशी निगडित आहे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपल्याला दोन कानांपर्यंत तो पोहोचण्यातील फरकावरून कळते आणि हा फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी असतो. उंचीचा अंदाज मात्र बाहेरच्या कानाच्या घड्या स्वरात जो सूक्ष्म बदल करतात त्यावरून येतो. त्यामुळे पडद्यावरचे पात्र समोर बोलत असताना संवाद डोक्यावरून आले, तर ती विसंगती कानाला जाणवत राहते. संवादाचे स्पीकर समोरच हवेत. छत हे डॉल्बी ॲटमॉसच्या, म्हणजे डोक्यावरूनही आवाज ऐकवणाऱ्या ध्वनिपद्धतीच्या, वरच्या आवाजांसाठी किंवा घरभर मंद संगीतासाठी राखावे. सीलिंग २.७ मीटरवर आणि बसलेल्या माणसाचा कान १.१ मीटरवर धरला, तर ९० अंशांत आवाज पसरवणारा एक स्पीकर कानाच्या पातळीवर सुमारे ३.२ मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो. दोन स्पीकरांमधले अंतर याच हिशेबाने ठरवावे.

आता सीलिंगचे पाहू. बोटाच्या पेराने बोर्डावर टकटक करावी. आवाज ढोलासारखा घुमला, तर तो भाग स्पीकरबरोबर स्वतःही वाजणार. स्पीकर बसवल्यावर मोबाइलवरून ३० ते २०० हर्ट्झपर्यंतचा स्वर हळूहळू चढवत न्यावा आणि तळहात बोर्डावर टेकवून ठेवावा. एखाद्या स्वराला हाताखाली झिणझिण्या येतात, कुठे सैल स्क्रू किंवा चॅनेल (बोर्ड ज्यावर बसवतात ती धातूची पट्टी) खडखडते, आणि दोष नेमका कुठे आहे ते सापडते. तिथे स्क्रू वाढवावेत आणि छिद्राभोवती चॅनेलला जोडलेली लाकडी चौकट द्यावी. स्पीकरचे वजन नुसत्या बोर्डावर सोडू नये. सीलिंगची पोकळी शेजारच्या खोलीपर्यंत सलग असेल, तर मागची लहर तिकडेही पोहोचते. अशा ठिकाणी मागून बंद डबा असलेला स्पीकर घेतलेला बरा.

तार सीलिंग बंद होण्यापूर्वीच टाकावी लागते. १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध १० मीटर अंतराला, जाऊन-येऊन, पाव ओहमहून कमी भरतो आणि ८ ओहमच्या स्पीकरला तेवढा चालतो. टोक बाहेर काढताना तार हातभर जास्त ठेवावी, म्हणजे पुढे स्पीकर उतरवून पाहायची वेळ आली तर सीलिंग फोडावे लागत नाही.