गोळीला चरबी कशासाठी?

1857 च्या काडतुसांची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. गाईची आणि डुकराची चरबी, दारू आणि गोळी एकत्र बांधलेल्या पुडीचा दातांनी तोडायचा कागद, बराकपूर, मेरठ. पण शिशाच्या गोळीला चरबी फासायची गरजच काय होती, हे त्या धड्यात कुठेच नव्हतं. माझ्या मते तिथूनच सुरुवात करायला हवी. त्या चरबीचं काम समजलं की काळ्या दारूची बंदूक समजते, आणि पुढे बिनधुराच्या दारूने काय बदललं तेही कळतं.

काळी दारू म्हणजे साधारण 75 टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक. ती जळते तेव्हा तिचा सगळा वायू होत नाही. वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन रूपातच उरतो: पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट, थोडं सल्फाइड. यातला काही धूर होऊन बाहेर पडतो आणि उरलेला नळीच्या आत चिकटतो. ती काडतुसं ज्या 1853 च्या एन्फील्ड रायफलीची होती, तिच्यात एका बाराला सुमारे साडेचार ग्रॅम दारू लागे. म्हणजे दहा बार काढले की वीस ग्रॅमच्या वर राख तयार होणार, आणि नळीला चिकटलेल्या राखेवरूनच पुढची गोळी आत ठासायची.

जुन्या तोड्याच्या बंदुकीत याची फारशी अडचण नव्हती. तिची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी नळीपेक्षा बरीच लहान, त्यामुळे काजळी साचली तरी गोळी खाली उतरे. नेम मात्र बेताचाच. एन्फील्डच्या नळीत तीन सर्पिल खाचा होत्या. त्या खाचांनी गोळीला फिरकी द्यायची, तर गोळी त्यांत घट्ट बसायला हवी. नळीचा व्यास 0.577 इंच आणि गोळीचा 0.568, म्हणजे मधली फट पाव मिलिमीटरहूनही कमी. गोळीचं बूड पोकळ असे. बार उडाला की वायूच्या दाबाने ते फुलून खाचांत बसायचं. कल्पना सुंदर होती, पण ठासणीच्या बंदुकीत गोळी आधी तोंडाकडून खाली उतरायला हवी, आणि त्या पाव मिलिमीटरच्या फटीत काजळी येऊन बसली की गोळी ठासायचा गज हातोड्याने ठोकायची पाळी.

चरबी लागते ती इथे. काळ्या दारूच्या बंदुकीत वंगणाचं मुख्य काम काजळी मऊ ठेवण्याचं असतं, गोळी निसरडी होणं हा त्याच्या जोडीचा फायदा. चरबी राखेत मिसळली की तिचा मलमासारखा लगदा होतो. पुढची गोळी उतरताना तो लगदा खाली लोटते आणि बाराबरोबर त्यातला बराचसा बाहेर पडतो. वंगण नसेल तर तीच राख भाजून खापरासारखी कडक होते. हवामानाचाही इथे मोठा हात आहे. पोटॅशियम कार्बोनेट हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून पावसाळी हवेत काजळी आपोआप मऊ राहते. उत्तर हिंदुस्थानातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ती दगड होते.

आता प्रश्न येतो कोणतं वंगण घ्यायचं हा. इंग्रजांनी जनावरांची चरबी आणि मधमाश्यांचं मेण यांचं मिश्रण वापरलं, त्यात चरबीच जास्त. थंड देशात ते चाललं. पण चरबी साधारण 40 ते 45 अंशांना वितळते, आणि आपल्या उन्हाळ्यात शिपायाच्या कंबरपेटीत तेवढं तापमान सहज होतं. चरबी पातळ होऊन कागदात मुरायची आणि गोळी कोरडी पडायची. शिवाय जुन्या चरबीतली आम्लं शिशाशी संयोग पावतात आणि गोळीवर पांढरट पापुद्रा धरतो. पाव मिलिमीटरच्या फटीत एवढा पापुद्राही जड जातो. मेण 62 ते 64 अंशांपर्यंत तग धरतं आणि शिशाला फारसं छेडत नाही. पुढे इंग्रजांनी मेणाचं प्रमाण वाढवलं आणि गोळीचा व्यास 0.55 इंचावर आणला, म्हणजे फट जवळजवळ तिप्पट केली.

एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. चरबी लावलेलं टोक गोळीकडचं असे आणि शिपाई दातांनी तोडायचा ते दारूकडचं. पण वितळलेली चरबी आपल्या टोकाशी थांबत नाही, म्हणून शिपायाचा संशय अवाजवी नव्हता. आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने गाईची किंवा डुकराची चरबी लागतच नव्हती. मेण आणि तिळाचं किंवा एखादं दुसरं गोडं तेल यांनी तेच काम झालं असतं. 1853 मध्ये ही काडतुसं हवामानाच्या चाचणीसाठी हिंदुस्थानात आली, तेव्हाच कर्नल टकर या लष्करी अधिकाऱ्याने लिहून कळवलं होतं की चरबी आक्षेपार्ह नाही याची खात्री झाल्याशिवाय ती देशी पलटणींना देऊ नयेत. जानेवारी 1857 मध्ये शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं अशी मुभा निघाली, तोवर विश्वास उडालेला होता. साध्या मेण-तेलाने सुटणारा प्रश्न तीन वर्षं पडून राहिला, याची मला आजही हळहळ वाटते.

1886 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांच्या बिनधुराच्या दारूवर चालणारी लेबेल रायफल आली आणि वंगणाचं काम बदललं. ही दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज, नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. ती जवळजवळ पूर्ण वायू होऊन जाते, राख नावापुरतीच उरते. मऊ ठेवायला काजळीच नाही! पण वेग वाढला. एन्फील्डची गोळी सेकंदाला 270 मीटरच्या आसपास जाई, लेबेलची 600 च्या पुढे. शिसं 327 अंशांनाच वितळतं. इतक्या दाबाच्या तप्त वायूची झोत गोळीच्या कडेने निसटली, तर ती शिसं कापत जाते आणि ते नळीच्या खाचांत जाऊन बसतं. म्हणून लष्करांनी गोळीवर तांबं किंवा निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचं कवच चढवलं, आणि अशा गोळीला वंगण जवळपास लागेनासं झालं.

उघड्या शिशाच्या गोळ्या आजही पिस्तुलात आणि नेमबाजीत वापरतात. कथील आणि अँटिमनी मिसळून शिसं कडक करतात आणि गोळीच्या अंगावरच्या खाचांत वंगण भरतात. या वंगणाने शिसं आणि पोलाद यांच्यामध्ये पातळ थर धरायचा, गोळीच्या कडेने वायू निसटू द्यायचा नाही आणि नळीच्या टोकापर्यंत टिकायचं. तिथे मेणाच्या जोडीला खनिज तेलापासून केलेले पदार्थ छान चालतात. अमेरिकेत मधमाश्यांचं मेण आणि अलॉक्स नावाचा असा पदार्थ निम्मे-निम्मे हे मिश्रण फार रुळलं आहे. वेग जास्त असेल तर ऐंशी अंशांनंतर वितळणारं कार्नोबा मेण घालून ते कडक करतात.

तेच वंगण काळ्या दारूवर वापरलं तर मात्र पंचाईत होते. खनिज ग्रीस त्या राखेत भाजून डांबरासारखं चिकट होतं, असा काळी दारू वापरणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. हे लोक मेण, जनावरांची चरबी किंवा वनस्पती तेल यांवरच भरवसा ठेवतात. उलट बाजूने पाहिलं तर चरबीचं मऊ मिश्रण बिनधुराच्या दारूच्या उष्णतेपुढे लवकर हार मानतं.

वंगण पुरलं की नाही हे काळी दारू वापरणारे बंदुकीच्या तोंडाकडे बघून ठरवतात. काही बार झाल्यावर नळीच्या काठावर ओलसर, काळपट वंगणाची चांदणी उमटली, तर वंगण शेवटपर्यंत पोचलं. काठ कोरडा आणि राखाडी दिसला, तर नळीच्या शेवटच्या भागात काजळी कडक होऊ लागली आहे. मग मागून दारूगोळा भरायच्या रायफलीवर ते बंदूक रिकामी आणि उघडी आहे याची खात्री करून घेतात, मागच्या बाजूला एक पोकळ नळकांडं लावतात आणि त्यातून चार-सहा वेळा सावकाश श्वास सोडतात. श्वासातली वाफ राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट शोषून घेतं, आणि पुढच्या बाराला काजळी पुन्हा मऊ झालेली असते.